निष्काळजीपणा हा शब्द सोडून

“इंजिनिअरिंगला घातली ती लोकांची हेल्मेटं तपासायला का?” पालकसभा संपल्यावर एका वडिलांनी मला विचारलं. मुलीनं मायनर, म्हणजे मुख्य शाखेच्या जोडीचा विषय, म्हणून औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य निवडलं होतं. ते स्वतः भोसरीच्या एका प्रेसशॉपमध्ये कामाला. चहाचा कप उचलला तेव्हा त्यांची तर्जनी अर्धीच दिसली. माझी नजर गेलेली पाहून म्हणाले, “माझाच निष्काळजीपणा.”

पालकहो, तुमची मुलं नेमकं काय शिकणार आहेत, ते इथूनच सांगतो. हात आत असताना प्रेस खाली आलाच कसा, हा या विषयातला पहिला प्रश्न. दोन बटणं दूर-दूर बसवली आणि दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस हलणारच नाही अशी सोय केली, तर बोट डायखाली जायला हातच मोकळा राहत नाही. माणूस दहाव्या तासाला दमणारच, म्हणून त्याच्या सावधपणावर विसंबायचं नाही. आधी धोकाच काढून टाकता येतो का ते पाहायचं, मग कमी धोक्याचं काही वापरता येईल का, मग यंत्राला गार्ड, मग कामाची पद्धत. हेल्मेट आणि हातमोजे सगळ्यात शेवटी. आपण मात्र सुरुवातच तिथून करतो.

बंद टाकीचंही तेच. एक जण आत बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. धाडस कमी पडलेलं नसतं. आत उतरण्याआधी हवा तपासलेली नसते.

आता नोकरीचं, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. नुसत्या मायनरवर कोणी सेफ्टी ऑफिसर होत नाही. त्यासाठी पदवीनंतर औद्योगिक सुरक्षेचा मान्यताप्राप्त डिप्लोमा लागतो. मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत तो होतो. १९४८च्या कारखाना कायद्यानं हजार कामगारांच्या कारखान्यात हे पद सक्तीचं केलं होतं. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं ती मर्यादा पाचशेवर आणली, धोकादायक प्रक्रिया असेल तिथे अडीचशेवर. शिवाय या अधिकाऱ्याला तिथल्या बहुसंख्य कामगारांची भाषा यावी लागते. मराठी येण्याचा असा रोकडा उपयोग फार थोड्या नोकऱ्यांत उरलाय!

एक मात्र लपवत नाही. शॉपमध्ये ‘सेफ्टीवाला’ म्हणजे कामाची खोटी करणारा माणूस. डिस्पॅचच्या दिवशी मशीन बंद ठेवा म्हणणाऱ्याशी कोणी गोड बोलत नाही. मुलगी तोंड मिटून बसणारी असेल, तर या वाटेचा पुन्हा विचार करा.

त्या वडिलांना मी एवढंच म्हणालो: मायनरच्या फॉर्मवर सही करा, आणि ते बोट कसं गेलं ते तिला एकदा सविस्तर सांगा. निष्काळजीपणा हा शब्द तेवढा वापरू नका.