‘आज जमूचा नाय’

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर सकाळी साडेसातला होडीवाल्या काकांनी एकदा समुद्राकडे पाहिलं आणि मला सांगितलं, ‘‘आज जमूचा नाय, ताई. वारो फिरलो हा.’’ मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. आदल्या दिवशीही त्यांनी नाहीच म्हटलं होतं. रात्री कुडाळहून कोकणकन्या एक्सप्रेस पकडायची होती, म्हणजे आमच्या हातात ती एकच सकाळ उरली होती. बारावीची परीक्षा संपल्यावर भाचीने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती: मावशी, मला समुद्राखाली ने.

मी काकांशी वाद घातला. अंदमानात स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स केलेला, तीसेक डाइव्ह झालेले, त्यामुळे आपल्याला समुद्र कळतो अशी माझी समजूत होती. आभाळ निळंशार आहे, पावसाचा थेंब नाही, मग अडचण काय, असं मी विचारत राहिले. ते जास्त बोलले नाहीत. आगाऊ घेतलेले पैसे त्यांनी मोजून परत दिले. मी किनाऱ्याने पुढे चालत गेले आणि अर्ध्या तासात ‘हो’ म्हणणारा दुसरा कोणीतरी शोधून काढला.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ नांगर टाकला तेव्हाच होडी पाळण्यासारखी हलत होती. खाली पाच-सहा मीटरवर पाणी मातकट हिरवं. लांब केलेल्या हाताची बोटं दिसेनात, मग मासे आणि प्रवाळ कुठले दिसायला! लाट यायची आणि आम्हाला सगळ्यांना एका बाजूला ओढून न्यायची, पुन्हा उलटं आणून सोडायची. दहा मिनिटांत वर आलो. खरं संकट वरच होतं. लाटेबरोबर होडी उचलली जायची, तिच्याबरोबर लोखंडी शिडी पाण्यातून हातभर वर यायची आणि धाडकन खाली आपटायची. भाचीने शिडीची दांडी पकडली त्याच क्षणी होडी खाली आली. तिची उजव्या हाताची दोन बोटं शिडी आणि होडीचा काठ यांच्यामध्ये चेंगरली. सात टाके पडले. रात्री कोकणकन्येत ठाण्यापर्यंत ती हात छातीशी धरून बसून होती. एका शब्दाने तिने मला दोष दिला नाही, आणि तेच मला सोसत नव्हतं.

होडी नेणाऱ्याची चूक होतीच. पण त्याला शोधत किनाऱ्याने चालत गेले होते ती मी. नंतर पुष्कळ विचार केला तेव्हा ध्यानात आलं की चुकीची सुरुवात त्या सकाळची नव्हती, ती ठाण्यात तिकिटं काढतानाच झाली होती. मी बेतच असा आखला होता की समुद्राचं ‘नाही’ आम्हाला परवडणार नव्हतं. ज्याला नकार परवडत नाही, तो नकार देणाऱ्याशी भांडतो. म्हणून सांगते, तयारी करायची ती नकार परवडेल अशी.

पहिलं म्हणजे डाइव्ह सहलीच्या पहिल्या सकाळी ठेवा आणि नंतर निदान दोन दिवस मोकळे सोडा. सकाळचीच वेळ मागा, कारण दुपारकडे खारा वारा जोर धरतो आणि पाणी खवळतं. महिना निवडताना शाळेच्या सुट्टीआधी समुद्राचं वेळापत्रक बघा. मालवण-तारकर्लीला दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले. साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीवाहतूक सरकारी आदेशानेच बंद असते, आणि त्या बंदीच्या आधीचे दोन-तीन आठवडे सर्वांत फसवे. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. बंदी लागायला तेव्हा दिवसच राहिले होते.

चांगला महिना निवडला म्हणून हमी मिळते असंही नाही. 2009 चं फयान चक्रीवादळ नोव्हेंबरात आलं, 2017 चं ओखी डिसेंबरात, आणि 2019 मध्ये क्यारने ऐन दिवाळीत कोकण किनाऱ्यावर पाणी चढवलं. वादळ शेकडो किलोमीटर दूर असलं तरी त्याच्या लाटा आपल्यापर्यंत येतात. माझ्या ‘निळंशार आभाळा’चं उत्तर इथे आहे. दहा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटेची लांबी खोल समुद्रात दीडशे मीटरच्या आसपास असते आणि तिची हालचाल त्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचते. मग सहा मीटरवरच्या माणसाची काय कथा? तळाची वाळू उठते, पाणी गढूळ होतं, आणि वर मात्र ऊन पडलेलं असतं. म्हणून निघण्याआधी नुसता पावसाचा अंदाज पाहू नका. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचा अंदाज देते आणि हवामान खातं मच्छीमारांना इशारे देतं, ते वाचा. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागलाय का, हे कुणालाही विचारलं तरी कळतं. मच्छीमारांच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या दिसल्या तर आणखी काही विचारायची गरजच नाही.

पैशांचं बोलणं आगाऊ रक्कम देण्याआधी करा. होडी सुटलीच नाही तर पैसे परत की तारीख बदलून? होडी अर्ध्यातून माघारी फिरली तर? उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. यात संकोच वाटायचं कारण नाही. चांगले व्यावसायिक स्पष्ट उत्तर देतात आणि त्यावरून माणूसही कळतो.

अंदमानला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगते. स्वराज द्वीपला दोन दिवस खराब हवामानात गेले की डाइव्ह परतीच्या दिवसाच्या सकाळी ढकलण्याचा मोह होतो. तो आवरा. पाण्याखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, आणि त्याआधी विमानाच्या विरळ हवेत गेलात तर त्याचे बुडबुडे धरतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कची शिफारस आहे की एका साध्या डाइव्हनंतर निदान 12 तास आणि अनेक डाइव्ह झाले असतील तर निदान 18 तास विमानात बसू नये. निवतीच्या खडकांकडे खोल डाइव्ह करून त्याच दुपारी आंबोलीचा घाट चढणाऱ्या कोल्हापूर-पुण्याच्या मंडळींनीही हे लक्षात ठेवावं, आंबोली सुमारे 690 मीटर उंचावर आहे. अंदमानात खराब हवेत बेटांमधली फेरीही रद्द होते, म्हणून विमानाच्या आधीचा दिवस श्री विजयपुरमलाच (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) काढावा.

मोकळ्या पडलेल्या दिवसाचं काय करायचं, हेही आधी ठरवून ठेवा, म्हणजे मुलं हिरमुसत नाहीत. धामापूरचा तलाव आहे, कुणकेश्वर आहे, संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर माशांचा लिलाव असतो. मुलांना घरून निघतानाच सांगा की आपण मालवणला चाललोय, समुद्राने बोलावलं तर पाण्याखालीही जाऊ.

दोन वर्षांनी नोव्हेंबरात आम्ही पुन्हा गेलो, चार दिवस हाताशी ठेवून. पहिल्या सकाळी त्याच काकांनी मान हलवली. भाची म्हणाली, ‘‘बरं काका, उद्या येतो.’’ दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या सकाळी त्यांनीच फोन केला, आणि त्या दिवशी खाली तिने पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचा अख्खा थवा पाहिला. तिच्या मधल्या बोटाचं नख अजून वाकडं वाढतं. तुमच्या होडीवाल्याने नाही म्हटलं, तर कृपा करून किनाऱ्यावर दुसरा शोधायला जाऊ नका.