जुनी चांदी लिलावात घेताय? बोली लावण्याआधी हा हिशेब करा



व्हिडिओ बघून झाला असेल, तर आता वही-पेन घ्या. आजचा धडा आहे जुन्या इंग्लिश चांदीच्या चमच्या-काट्यांचा, चहाच्या भांड्यांचा आणि ट्रेचा. इंग्लंडमधली लिलावगृहं आता ऑनलाइन बोली घेतात. त्यामुळे तिकडे राहणारे आपले मराठी लोक आणि इथे बसून अभ्यास करणारे, दोघांनाही हे दार उघडं आहे. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: या धंद्यात नफा विकताना नाही, घेताना ठरतो. एकदा हातोडा पडला की माल तुमचा आणि चूकही तुमची!

पायरी १: शिक्का वाचा

दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. त्यामुळे चकाकी बघू नका, वस्तू उलटी करून शिक्के बघा. इंग्लंडच्या खऱ्या चांदीवर साधारणपणे हे शिक्के मिळतात:

- एक पाय उचलून चालणारा सिंह: स्टर्लिंग चांदी, म्हणजे १००० भागांत ९२५ भाग शुद्ध.
- शहराची खूण: लंडनला बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमला नांगर (शेतातला नव्हे, जहाजाचा!), शेफील्डला १९७४ पर्यंत मुकुट आणि पुढे गुलाब.
- वर्षाचं अक्षर: अक्षराचं वळण आणि भोवतीची चौकट दोन्ही बघा. तेच अक्षर वेगळ्या वळणात पुन्हा येतं आणि प्रत्येक शहराचा तक्ता वेगळा असतो.
- कारागिराची आद्याक्षरं.
- राजाचं किंवा राणीचं डोकं: हा कर भरल्याचा शिक्का. तो १७८४ ते १८९० या काळातल्या मालावर दिसतो.

आता सापळा. 'ईपीएनएस' अशी अक्षरं दिसली, तर तो चांदीचा मुलामा आहे. आत निकेल, तांबं आणि जस्त, म्हणजे आपल्याकडचं जर्मन सिल्व्हर. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी विजेच्या मुलाम्याचं पेटंट १८४० मध्ये घेतलं. म्हणून ईपीएनएस वस्तूला कुणी 'सतराशे सालची' म्हणालं, तर हसून पुढे जा. मुलामावाले पुष्कळदा आपली अक्षरं अशा छोट्या चौकटीत ओळीनं मारत, की लांबून हॉलमार्कच वाटावा. सिंह शोधा! आणि लोहचुंबकावर विसंबू नका. चांदी त्याला चिकटत नाही, पण तांबं-पितळही चिकटत नाही.

पायरी २: वजन आणि अवस्था

लिलावाच्या यादीत वजन बहुतेकदा ट्रॉय औंसात असतं. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. मेणबत्तीच्या स्टँडचा तळ आणि सुरीची मूठ आतून राळेनं भरलेली असते, पातं तर पोलादी. ते वजन चांदीचं धरू नका. यादीत 'लोडेड' किंवा 'फिल्ड' हे शब्द शोधा. 'ए/एफ' लिहिलं असेल, तर वस्तूत दोष आहे असं समजा.

काट्याचे दात झिजलेत का? चमच्याचं टोक बसलंय का? जुनं नाव खोडून पत्रा पातळ झालाय का? कुठे झाळलंय का? प्रत्यक्ष जाता येत नसेल, तर लिलावगृहाकडून कंडिशन रिपोर्ट आणि शिक्क्यांचे जवळून काढलेले फोटो मागवा. लाजू नका, पैसे तुमचे जाणार आहेत.

पायरी ३: उलटा हिशेब

समजा, सहा मोठे चमचे आहेत, एकूण १२ ट्रॉय औंस. म्हणजे ३७३ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी ३४५ ग्रॅम. हिशेब सोपा जावा म्हणून भाव ग्रॅमला १ पौंड धरू. धातूची किंमत झाली ३४५ पौंड.

तुम्ही ३४० ला बोली जिंकली. वाटलं, धातूच्या भावात मिळालं! थांबा. लिलावगृहाचं कमिशन समजा २५ टक्के, म्हणजे ८५ पौंड. त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट, म्हणजे १७. पाठवणी २०. एकूण ४६२. धातूपेक्षा ११७ पौंड जास्त गेले! ते फक्त घडणावळीतून, वयातून आणि कारागिराच्या नावातूनच परत येऊ शकतात. साध्या झिजलेल्या चमच्यात ते कुठून येणार?

म्हणून विक्रीच्या किमतीपासून मागे या. हे चमचे ५०० ला विकले जातील असं वाटतं, नफा ८० हवा, पाठवणी २०. उरले ४००. त्याला १.३ ने भागा (कमिशन आणि व्हॅट मिळून बोलीच्या ३० टक्के होतात): ३०७. तुमची शेवटची बोली ३००. हा आकडा कागदावर लिहा आणि समोर ठेवा. समोरचा ३१० म्हणाला, तर त्याला खुशाल घेऊ द्या. माल भारतात आणायचा असेल, तर आयात शुल्क आधी कस्टम एजंटकडून विचारून याच हिशेबात धरा.

भारतात विकणार? मग कायदा वाचा

आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू त्यात येऊ शकते. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. 'मुंबईतल्या जुन्या घरातून सेट घेऊ आणि परदेशात विकू' असा बेत असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा. भांडवल अडकल्यावर नाही!

घरचा अभ्यास

या आठवड्यात एकही पैसा लावू नका. कुठल्याही तीन लिलावांच्या ऑनलाइन याद्या उघडा, चांदीचे दहा लॉट निवडा, प्रत्येकाची शेवटची बोली वहीत लिहा आणि मग प्रत्यक्ष किती गेले ते बघा. दहापैकी किती लॉट तुमच्या आकड्याच्या आत गेले, ते कमेंटमध्ये नक्की सांगा.