कृत्रिम माशीची फेक : पहिला धडा

साध्या गळाची दोरी शिशाच्या वजनामुळे दूर जाते. पिसांच्या कृत्रिम माशीला मात्र वजन जवळजवळ नसतेच. म्हणून येथे दोरीच जाड व वजनदार असते आणि फेकायची असते ती दोरी.

काश्मीरच्या नद्यांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून ट्राउट मासा आहे. परंतु मुलाचा पहिला धडा नदीवर नव्हे, मोकळ्या गवतावर द्यावा. गळाऐवजी लोकरीचा धागा बांधावा. टोपी व चष्मा आवश्यक. घड्याळाची तबकडी कल्पावी : समोर दहा, डोक्यावर बारा, पाठीमागे एक. काठी उचलून एकाशी थांबवावी; मागे गेलेली दोरी पूर्ण उलगडल्यावरच ती पुढे आणून दहाशी थांबवावी. घाई केल्यास दोरी चाबकासारखी कडाडते आणि खरी माशी असल्यास तुटून जाते.

मूल चुकते ते येथेच. फेक जवळ पडली की ते अधिक जोर लावते, आणि फेक आणखी बिघडते. अशा वेळी शिक्षकाने त्याला मान वळवून मागची दोरी पाहावयास सांगावे. ती उलगडताना एकदा दिसली, की किती थांबावे हे हाताला कळू लागते. हात थकण्यापूर्वी धडा संपवावा.