चुकीच्या खिडकीपुढचं दीड वर्ष

घाटकोपरच्या डोंगरउतारावरची खोली झोपडपट्टी पुनर्विकासासाठी रिकामी करताना प्रस्तुत लेखकाच्या आईने देवघर, शिलाई मशीन आणि रेशनकार्डाची पिशवी एवढंच स्वतःच्या हाताने टेम्पोत ठेवलं. बाकीचं पोरांवर सोडलं. बिल्डरकडून भाडं अकरा महिने वेळेवर आलं, मग थांबलं. लेखकाने अर्ज लिहिला आणि वॉर्ड ऑफिस गाठलं.

पाणी गेलं की तिथे, गटार तुंबलं की तिथे, मग भाड्याचं गाऱ्हाणंही तिथेच, असा त्याचा साधा हिशेब. दीड वर्षात सात अर्ज झाले. प्रत्येकावर पोचेचा गोल शिक्का. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपून पालिकेत प्रशासक आला होता, त्यामुळे हक्काने भांडायला कुणी उरलं नव्हतं. शेवटी एका कारकुनालाच दया आली. "भाऊ, तुमची स्कीम एसआरएची ना? मग इथे कशाला चपला झिजवताय?"

शिकलासवरलेला माणूस, पण त्याला हे ठाऊक नव्हतं. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजेच एसआरए, 1995 साली स्थापन झालं आणि अशा योजनांपुरता नियोजनाचा, बांधकाम परवानगीचा अधिकार पालिकेऐवजी त्याच्याकडे आला. म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, वसाहतींना 2018 पासून म्हाडाच परवानगी देते. पात्र झोपडीधारकांची यादी, म्हणजे परिशिष्ट-2, मात्र जमीन कुणाची यावर ठरत आली आहे. पालिकेची असेल तर पालिकेचा, सरकारी असेल तर महसूल खात्याचा, म्हाडाची असेल तर म्हाडाचा सक्षम अधिकारी ती करतो. गंमत अशी की एसआरए, म्हाडा आणि उपनगरचे जिल्हाधिकारी, तिघेही बसतात वांद्रे पूर्वेलाच. आणि लेखक वॉर्ड ऑफिसच्या बाकावर.

त्यामुळे घराची चावी देण्याआधी नगर भूमापन कार्यालयातून जमिनीचं प्रॉपर्टी कार्ड काढावं. मालक कळला की दार कळतं. परिशिष्ट-2 मध्ये आपलं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं. लेखकाच्या आईचं तिथे माहेरच्या आडनावाने पडलं होतं, आणि ते दुरुस्त करायला लग्नाच्या दाखल्यापासून जुन्या लाइटबिलापर्यंत सगळं शोधावं लागलं. बिल्डरसोबतच्या वैयक्तिक करारनाम्याची प्रत हातात आल्याशिवाय टेम्पो बोलावू नये. भाड्याचं तर तोंडी काहीच नको. ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने एसआरएने विकासकाला दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायला आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक द्यायला लावलं. लेखकाच्या घरच्यांनी त्याआधीच खोली सोडली होती.

आणि एकट्याने भांडू नये. बोरिवलीच्या हरिहर कृपा सोसायटीतल्या झोपडीधारकांनी 2003 मध्ये विकासक नेमला आणि इमारतीची वाट पाहत वर्षांमागून वर्षं घालवली. झोपडपट्टी कायद्याच्या कलम 13(2) खाली काम रखडवणाऱ्या विकासकाला काढता येतं. तसं तिथे 2021 मध्ये झालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 30 जुलै 2024 रोजी न्यायालयाने ती हकालपट्टी कायम ठेवली. एवढ्यावर न थांबता या कायद्याच्या अंमलबजावणीचाच आढावा घ्यायला मुंबई उच्च न्यायालयाला सांगितलं. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, ज्याला सगळे पत्राचाळ म्हणतात, म्हाडाच्या 672 भाडेकरूंचा करार 2008 चा. विकासकाला दूर करायला 2018 उजाडलं. म्हाडासारखी सरकारी संस्था करारात असूनही दहा वर्षं! सरकारी शिक्का दिसला की लोक निर्धास्त होतात, ते इथे आठवावं.

आठवा अर्ज लेखकाने वांद्र्याला दिला, या वेळी सोसायटीच्या ठरावासह आणि लेटरहेडवर. आवक क्रमांक मोबाईलमध्ये टिपून घेतला. जुने सात अर्ज तो रद्दीत टाकणार होता. आईने ते काढून घेतले आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले. "राहू दे," ती म्हणाली, "उद्या कुणी म्हणेल, तुम्ही कधी आलाच नव्हतात."