सुवर्णा राज : टेबलापर्यंतची वाट

पॅरा टेबल टेनिस म्हणजे मूळ खेळाची सौम्य आवृत्ती, असा एक समज आढळतो. तो आधी दूर करू. टेबल तेच, २.७४ मीटर लांब, ७६ सेंटिमीटर उंच, जाळीही तीच. खेळाडूंचे अकरा वर्ग असतात : पहिले पाच व्हीलचेअरवरील खेळाडूंचे, सहा ते दहा उभ्याने खेळणाऱ्यांचे, अकरावा बौद्धिक अक्षमता असणाऱ्यांचा. व्हीलचेअरवरील एकेरी सामन्यात सर्व्हिसचा चेंडू बाजूच्या कडेने निसटला, तर ती सर्व्हिस पुन्हा करावी लागते. ही सवलत म्हटली, तरी ती न्यायाचीच.

सुवर्णा राज मूळच्या नागपूरच्या. वयाच्या दुसऱ्या वर्षी त्यांना पोलिओ झाला. २०१३ मध्ये थायलंडच्या खुल्या पॅरा टेबल टेनिस स्पर्धेत त्यांनी दोन पदके मिळवली आणि २०१४ मध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथील आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत त्या खेळल्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त ठरला होता. लस वेळेवर न पोहोचलेल्या पिढीची एक कन्या त्या वर्षी देशाच्या गणवेशात उभी होती. ‘उभी’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो.

मात्र त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते पदकांमुळे नव्हे. जून २०१७ मध्ये नागपूर–निजामुद्दीन गरीबरथात त्यांना वरचा बर्थ मिळाला आणि रात्र डब्याच्या जमिनीवर काढावी लागली. तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू, म्हणजे एकेकाळचे आपल्या राजापूरचे खासदार, यांनी चौकशीचा आदेश दिला. सुवर्णाताईंनी तक्रारीवर विषय संपवला नाही. सुगम्य इमारती आणि सुगम्य प्रवास हेच त्यांचे दुसरे कार्यक्षेत्र झाले. आमच्या मते, हीच त्यांची मोठी खेळी.

पुढे २९ ऑगस्ट २०२१ रोजी गुजरातच्या भाविना पटेल यांनी टोकियोत रौप्यपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधील भारताचे टेबल टेनिसचे ते पहिले पदक. तेव्हा खेळायला बसण्याची हौस कोकणातल्या मुलामुलींतही असणार. प्रश्न टेबलापर्यंत पोहोचण्याचा आहे, कारण रत्नागिरीत जांभ्याच्या पायऱ्यांवाचून घर नाही की सभागृह नाही. आमचे कित्येक माजी विद्यार्थी आज बांधकामाच्या व्यवसायात आहेत. त्यांच्यासाठी हिशेब सोपा आहे : उताराचे प्रमाण एकास बारा. पायरी १५ सेंटिमीटर उंच असेल, तर १.८० मीटर लांबीचा उतार पुरतो.