‘नायकन्’ : एका तमिळ चित्रपटातील मुंबई आणि हिंसेचे समर्थन

मणिरत्नम दिग्दर्शित ‘नायकन्’ हा तमिळ चित्रपट १९८७ साली प्रदर्शित झाला. त्याची भाषा तमिळ असली तरी त्याची भूमी मुंबईतील धारावी ही आहे आणि त्यातील शासनसत्तेचे प्रतिनिधी केळकर व पाटील अशी मराठी आडनावे धारण करतात. एका महाराष्ट्रीय नगराचे चित्र दुसऱ्या भारतीय भाषेने कसे रेखाटले, हा प्रश्न त्यामुळे मराठीच्या अभ्यासकापुढे स्वाभाविकपणे उभा राहतो. या चित्रपटाचे गुणदोष त्याच्या हिंसाचित्रणाशी निगडित असल्याने विवेचनाचा आरंभही तेथूनच करणे योग्य ठरेल.

कथानक थोडक्यात असे. कामगार पुढारी असलेल्या पित्याचा पोलिसांकडून झालेला वध पाहिलेला वेलू हा बालक एका पोलिसाला भोसकून मुंबईस पळून येतो. धारावीतील हुसेनभाई त्याचा सांभाळ करतो. कोठडीत हुसेनभाईचा अंत घडविणाऱ्या निरीक्षक केळकराला वेलू ठार मारतो आणि वस्तीचा ‘नायक’ होतो. पुढे पत्नी व पुत्र यांचे बळी जातात, कन्या दुरावते आणि न्यायालयातून निर्दोष सुटल्यावर केळकराचाच मुलगा त्याच्यावर गोळी झाडतो.

वेलूच्या व्यक्तिरेखेमागे वरदराजन मुदलियार या प्रत्यक्षातील व्यक्तीची छाया आहे, हे सर्वश्रुत आहे. बोरीबंदर स्थानकावरील हमालीपासून अवैध धंद्यांच्या प्रमुखपदापर्यंत पोचलेला, माटुंग्याच्या गणेशोत्सवाचा आश्रयदाता म्हणून गाजलेला हा तमिळ गृहस्थ १९८८ च्या आरंभी मद्रास येथे निधन पावला. चित्रपटाच्या रचनेवर १९७२ सालच्या ‘गॉडफादर’ या अमेरिकी चित्रपटाचाही ठसा स्पष्ट आहे. तथापि आधार परका असूनही ‘नायकन्’ अनुकरणाच्या पातळीवर राहत नाही, कारण त्यातील कुटुंबप्रमुख हा स्थलांतरिताच्या असहायतेतून निर्माण झालेला आहे.

चित्रपटाचा पहिला मोठा गुण म्हणजे त्यातील हिंसा परिणामरहित नाही. रूढ मारधाडपटात मेलेला खलपुरुष पुन्हा आठवला जात नाही. येथे केळकराच्या मृत्यूनंतर त्याची विधवा आणि मतिमंद मुलगा प्रेक्षकासमोर येतात, वेलू त्यांच्या पोषणाचा भार उचलतो आणि त्याच्या आधाराने वाढलेला तो मुलगाच अखेरीस त्याचा मृत्यू होतो. हिंसेचे ऋण दानाने फिटत नाही, हा विचार संवादातून न सांगता घटनांच्या जुळणीतून सिद्ध केला आहे. दुसरा गुण भाषाविषयक आहे. वेलूला हिंदी येत नाही. परभाषिकांशी बोलताना त्याला अय्यर या सोबत्याचे दुभाषेपण घ्यावे लागते. ज्या नगरात तो सत्ताधीश आहे त्या नगराची भाषा त्याच्याजवळ नाही, ही विसंगती अत्यंत मार्मिक आहे. १९८८ सालच्या ‘दयावान’ या हिंदी रूपांतरात पात्रे एकाच भाषेत बोलू लागताच हा अर्थ लोपला. कमल हासन यांचा अभिनय, पी. सी. श्रीराम यांचे छायालेखन आणि मद्रासमध्ये धारावी उभी करणारे तोटा तरणी यांचे कलादिग्दर्शन या तिन्हींना राष्ट्रीय पुरस्कार लाभले, ते यथोचितच होय.

दोष मात्र याच गुणांच्या सावलीत दडलेले आहेत. चार जणांचे भले होत असेल तर कोणतेही कृत्य गैर नव्हे, हे हुसेनभाईचे सूत्र वेलू आयुष्यभर उराशी बाळगतो. कन्या चारुमती या सूत्रालाच आव्हान देते. परंतु अन्याय करणाऱ्यांनी आधी थांबावे, मग मी थांबेन, अशा आशयाचे उत्तर देऊन वेलू तिला निरुत्तर करतो. हे उत्तर भावनेला पटते, विचाराला पटत नाही. ते पटावे म्हणून कथेने एक सोय करून ठेवली आहे. वेलूच्या हातून मरणारे बहुधा आधीच दोषी ठरविलेले असतात, आणि समुद्रमार्गे चालणाऱ्या त्याच्या चोरट्या व्यापाराचा फटका वस्तीतील कोणालाही बसताना दिसत नाही. प्रत्यक्षात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईच्या झोपडवस्त्यांत फोफावलेला व वरदराजनच्या सत्तेचा पाया ठरलेला धंदा हातभट्टीचा होता, आणि त्या दारूचा ग्राहक व बळी तोच गरीब होता. व्यापार बदलून दिग्दर्शकाने नायकाला त्याच्या सर्वांत अवघड आरोपातून मुक्त केले आहे.

दुसरा दोष इतिहासाच्या संदर्भात आहे. कथेचा काळ अनेक दशकांचा आहे. त्याच काळात, १९६६ साली, शिवसेनेची स्थापना झाली आणि दाक्षिणात्यांविरुद्धचे आंदोलन पेटले. तमिळ स्थलांतरितांच्या भयाचे हे एक खरे कारण चित्रपटात कोठेही येत नाही. मराठी माणूस येथे गणवेशातच भेटतो; गिरणीतला, चाळीतला, शेजारच्या झोपडीतला भेटत नाही. परिणामी श्रमिकांचा श्रमिकांशी असलेला गुंतागुंतीचा संबंध पुसला जाऊन ‘पोलीस विरुद्ध वस्ती’ असे सोपे समीकरण उरते.

या ठिकाणी मराठीतील दोन कृतींचे स्मरण उद्बोधक ठरेल. भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ (१९६५) आणि नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ (१९७२) याच महानगराच्या तळाशी वावरतात. पण तेथे त्राता नाही. हिंसा ही कोणा एका पुरुषाचे कर्तृत्व नसून जगण्याची हवाच आहे आणि ती भाषेतच भिनलेली आहे. उलट ‘नायकन्’मध्ये वस्तीचे दुःख नायकाच्या मोठेपणाचे साधन बनते, त्याच्यासाठी देह जाळून घेणारी माणसे चेहऱ्याविना राहतात.

तरीही चित्रपटाला आपल्या नायकाबद्दल संपूर्ण खात्री नाही, हेच त्याचे बलस्थान होय. आपण चांगले की वाईट, या नातवाच्या प्रश्नावर वृद्ध वेलू आपले अज्ञान कबूल करतो. न्यायालय त्याला सोडते, वस्ती त्याचा जयजयकार करते. पण ज्याचा बाप मारला गेला त्या मुलाच्या लेखी हे दोन्ही निवाडे निरर्थक आहेत. पित्याच्या वधाने सुरू झालेली कथा दुसऱ्या पुत्राच्या सूडाने संपते, आणि वेलूचे समर्थन ज्या तर्काने करावे त्याच तर्काने त्याच्या मारेकऱ्याचेही समर्थन करावे लागते. हिंसेच्या समर्थनातील हा पेच मणिरत्नम यांना सोडविता आलेला नाही. मात्र तो लपविण्याचाही प्रयत्न त्यांनी शेवटी केलेला नाही, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.