बी. प्रभा यांच्या उंच मानेच्या बायका

ग्रामीण स्त्री आपण कथा-कवितांमधून शिकतो, तिच्यावर दहा मार्कांचं उत्तरही लिहितो. पण तिला आयुष्यभर कॅनव्हासवर रंगवणाऱ्या बी. प्रभा आपल्या अभ्यासक्रमात कुठेच भेटत नाहीत.

त्यांचा जन्म १९३३ चा, नागपूरजवळच्या बेला गावातला. तेव्हा नागपूर आणि आपलं बुऱ्हाणपूर-जैनाबाद एकाच ‘मध्य प्रांत व वऱ्हाडा’त होतं, म्हणजे तशा त्या आपल्याच मुलखातल्या! आधी नागपूरला आणि मग मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या. विद्यार्थिदशेतल्या प्रदर्शनातली त्यांची तीन चित्रं डॉ. होमी भाभांनी विकत घेतली. पुढे शिल्पकार-चित्रकार बी. विठ्ठल यांच्याशी लग्न झालं.

सुरुवातीला त्यांनी अमूर्त शैलीही करून पाहिली, पण नाव झालं ते बायकांच्या चित्रांमुळे. कोळणी, शेतमजूर बायका. मान लांब, हात लांब, अंग सडपातळ. मागे बहुतेक वेळा एकाच रंगाचा पसारा. ना घर, ना बाजार. अमृता शेरगिल यांच्या चित्रांचा प्रभाव त्यांच्यावर होता. फरक एवढाच, की शेरगिल खेड्याकडे बाहेरून आल्या आणि प्रभा खेड्यातून निघाल्या.

१९५६ मध्ये एअर इंडियाने त्यांची सहा चित्रं घेतली, प्रत्येकी ८७.५० रुपयांना. (खरं तर ८७ रुपये ८ आणे, नवे पैसे १९५७ मध्ये आले.) कंपनी अशी चित्रं देशोदेशीच्या बुकिंग ऑफिसांत लावायची. आणि इथेच मला अडतं. तिकीट काढायला आलेल्या माणसाला त्या भिंतीवर काय दिसत असेल? ‘सुंदर भारत’! पण या बायका हसत नाहीत. दुष्काळ, भूक, बेघरपणा हेही प्रभांचे विषय होते.

‘फारच देखणं आहे हे, शोभेचं,’ असा आक्षेप घेता येतो, आणि तो अगदीच खोटा नाही. मलाही कधी कधी वाटतं, एवढ्या नाजूक मानेवर भरलेली टोपली राहील कशी? तापीकाठच्या केळीच्या बागांत राबणाऱ्या बायकांच्या माना आखूड आणि घट्ट असतात. पण मग लक्षात येतं, त्या ओझ्याखाली प्रभांची एकही बाई वाकलेली नाही. मान लांब करणं ही सजावट की ताठ उभं राहणं, यावर मंडळाच्या पुढच्या बैठकीत भांडायला मी तयार आहे. येताना त्यांचं निदान एक चित्र नीट बघून या. आधी टोपली बघा, चेहरा नंतर.